लोकप्रतिनिधींची माहितीसेवा: कार्यअहवाल, व्हॉट्सॲप गट, जनसंपर्क कार्यालय यांपैकी कशावर किती विसंबावं

नगरसेवक, सरपंच, जिल्हा परिषद सदस्य, आमदार हे सगळे आता मतदारांना सतत काही ना काही कळवत असतात. कार्यअहवाल घरोघरी येतो, प्रभागाचा व्हॉट्सॲप गट दिवसभर वाजत असतो, फेसबुकवर लाइव्ह चालतं, चौकात फलक लागतो, अधूनमधून दाखल्यांचं शिबिर भरतं. ही एक सेवाच आहे, आणि तिचा खर्च या ना त्या वाटेने आपणच उचलतो. म्हणून तिलाही गुण द्यायला हवेत. महाराष्ट्रात ही माहिती ज्या वाटांनी पोचते त्या एकेक घेऊन इथे तपासल्या आहेत. निकष दोनच: माहिती वाचून नागरिकाला पुढचं पाऊल उचलता येतं का, आणि सांगितलेलं खरं आहे का हे कागदाशी ताडून पाहता येतं का.

निष्कर्ष आधीच सांगतो. सगळ्यांत उपयोगी पडतं ते नोंदवही ठेवणारं जनसंपर्क कार्यालय. सगळ्यांत वेगवान व्हॉट्सॲप गट, पण गोंधळही तिथेच जास्त. कार्यअहवालात लेखाशीर्षाचा, म्हणजे पैसा सरकारी हिशेबाच्या कोणत्या सदरातून आला ते सांगणारा, रकाना असेल तर तो जपून ठेवावा. आणि ग्रामीण भागात लेखी उत्तर मिळवून देणारी जागा एकच, ती ग्रामसभा. तिला दुसरा पर्याय नाही.

कामाचा टप्पा सांगतात का?

विकासकामांच्या बातमीत सर्वाधिक दिशाभूल होते ती ‘निधी मंजूर’ या दोन शब्दांनी. खोटं कुणी बोलतच असेल असं नाही, पण गल्लीतल्या साध्या काँक्रीट रस्त्यालाही सात-आठ टप्पे असतात, आणि यातल्या कुठल्याही टप्प्यावर फलक लागू शकतो. लोकप्रतिनिधी आधी शिफारसपत्र देतात. मग शाखा अभियंता जागेवर येऊन अंदाजपत्रक तयार करतो. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम आणि त्याचा खर्च यांना संमती, मग तांत्रिक मान्यता, म्हणजे अभियंत्यांनी अंदाजपत्रक तपासून दिलेली संमती, मग निविदा. निविदा उघडल्यावर सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराशी करारनामा होतो आणि कार्यारंभ आदेश निघतो. काम होत जाईल तशी मोजमाप पुस्तिकेत, सगळे ज्याला एम.बी. म्हणतात तिच्यात, नोंद होते. त्या नोंदीवर देयक निघतं. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो आणि दोषदायित्व कालावधी सुरू होतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

चांगला अहवाल प्रत्येक कामापुढे यातला नेमका टप्पा आणि त्याची तारीख देतो. ‘प्रशासकीय मान्यता मिळाली’ एवढंच लिहिलं असेल तर पैसा आला असं धरून चालू नये. मान्यता मोठ्या रकमेची आणि चालू वर्षाची तरतूद नाममात्र, असं सर्रास होतं. अशी कामं वर्षानुवर्षं यादीत राहतात आणि दर अहवालात नव्याने छापली जातात. म्हणून मान्यतेची रक्कम आणि या वर्षीची तरतूद हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिलेले असले की तो अहवाल प्रामाणिकपणे तयार केला आहे असं समजायला हरकत नाही.

अडचणी कुठे येतात हेही ठरलेलं आहे. पहिली अडचण जागेची. रस्ता खासगी जमिनीतून जात असेल आणि जागामालकाचं संमतीपत्र किंवा दानपत्र नसेल, तर काम अंदाजपत्रकापाशीच थांबतं. दुसरी, तेच काम आधी वेगळ्या योजनेतून घेतलेलं असणं. काम इतर कुठल्याही योजनेतून झालेलं नाही असा दाखला मागितला जातो, आणि तो मिळाला नाही की फाइल परत येते. तिसरी निविदेची. प्रतिसाद मिळाला नाही तर मुदतवाढ, नाहीतर फेरनिविदा. फार कमी दराने निविदा भरली गेली तर ठेकेदाराला जादा सुरक्षा अनामत भरावी लागते, आणि ती तो भरत नाही तोवर कार्यारंभ आदेश अडकतो. चौथी अडचण ३१ मार्चची. जिल्हा नियोजन समितीचा जो निधी जिल्हा परिषदेकडे जातो तो खर्चायला दोन आर्थिक वर्षं मिळतात. ती संपली की निधी परत जातो. अशा वेळी काम ‘रद्द’ झाल्याचं कुणी कळवत नाही, ते यादीतून गुपचूप नाहीसं होतं. गेल्या वर्षीची यादी आणि या वर्षीची यादी समोरासमोर ठेवून कोणती नावं गळली ते पाहणं, ही कार्यअहवालाची सगळ्यांत चांगली परीक्षा आहे. जो प्रतिनिधी गळलेल्या कामांचं कारण स्वतःहून लिहितो त्याला आमच्याकडून पूर्ण गुण.

पाचवी अडचण क्रमाची. पाण्याची किंवा सांडपाण्याची वाहिनी टाकायची बाकी असताना रस्ता केला की सहा महिन्यांत तो फोडला जातो. जलजीवन मिशनच्या वाहिन्यांसाठी कितीतरी गावांतले सिमेंट रस्ते असे फोडले गेले. रस्त्याच्या कामाची माहिती देताना खालची वाहिनी टाकून झाली आहे का, एवढं एक वाक्य असायलाच हवं.

आता उपयोगी पडणारी नोंद कशी दिसते ते पाहू. ‘अमुक घरापासून तमुक मंदिरापर्यंत काँक्रीट रस्ता, लांबी १८० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १५० मिमी, लेखाशीर्ष २५१५, कार्यारंभ आदेशाची तारीख, मुदत सहा महिने, ठेकेदाराचं नाव, शाखा अभियंत्याचं नाव.’ ही एक ओळ हातात असेल तर गल्लीतल्या कुणालाही काम तपासता येतं. १८० गुणिले ३ गुणिले ०.१५, म्हणजे ८१ घनमीटर काँक्रीट. तयार काँक्रीट आणणाऱ्या मिक्सर गाडीत साधारण ६ घनमीटर माल येतो, तेव्हा अशा १३ ते १४ गाड्या रिकाम्या व्हायला हव्यात. नऊच आल्या तर रस्त्याची जाडी १५० नव्हे, १०० मिमी भरते, आणि एक तृतीयांश काँक्रीट कागदावरच राहतं. हे काँक्रीट ओतत असतानाच मोजायला हवं, कारण नंतर जाडी तपासायची तर कोअर, म्हणजे रस्ता आरपार कापून गोल नमुना, काढावा लागतो. त्यानंतर किमान दोन आठवडे रस्ता ओला ठेवायचा असतो. गोणपाट टाकून किंवा मातीची आळी करून पाणी धरतात. दुसऱ्याच दिवशी वाहनं सोडली की पृष्ठभागाची पावडर सुटायला लागते. आडवे सांधे योग्य अंतरावर कापले नाहीत तर काँक्रीट स्वतःच वेडंवाकडं तडकतं. लांबी, रुंदी, जाडी ही तीन मापं न देता ‘रस्ता काँक्रिटीकरण, रु. १० लक्ष’ एवढंच छापणाऱ्या अहवालावरून यातलं काहीच तपासता येत नाही.

छापील कार्यअहवाल

पहिल्या पानावरची एकूण रक्कम बाजूला ठेवा आणि लेखाशीर्षाचा रकाना शोधा. ग्रामीण भागात ‘पंचवीस-पंधरा’ (२५१५) हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात. ३०५४ मधून रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती होते, ५०५४ मधून रस्त्यांची भांडवली कामं. याशिवाय जनसुविधा, तांडा वस्ती, अनुसूचित जाती वस्ती विकास, शहरात नगरोत्थान आणि नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची तरतूद. पुण्यात या तरतुदीला ‘स यादी’ म्हणतात. लेखाशीर्ष कळलं की पैसा कुठून आला आणि जाब कुणाला विचारायचा हे दोन्ही कळतं.

आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो, खासदारांचाही ५ कोटी. पाच वर्षांत आमदार निधीतून जास्तीत जास्त २५ कोटी होतात. अहवालाच्या मुखपृष्ठावर शेकडो कोटी लिहिलेले असतील तर बाकीची रक्कम राज्य, केंद्र, महापालिका किंवा जिल्हा नियोजनाची आहे. त्यासाठी पाठपुरावा केला असेल तर त्याचं श्रेय जरूर घ्यावं, पण आकडे वेगवेगळे दाखवावेत. एकाच पुलाची रक्कम आमदार, खासदार आणि स्थानिक नगरसेवक अशा तिघांच्या अहवालांत पूर्णच्या पूर्ण मोजली जाते. तिन्ही अहवाल जवळ असतील तर हे लगेच कळतं.

आमदारांच्या अहवालात विधिमंडळातल्या कामाचं पान असतं. तारांकित प्रश्न विचारला, लक्षवेधी मांडली, एवढ्यावर ते पान संपवू नये. मंत्र्यांनी काय उत्तर दिलं आणि सभागृहात आश्वासन दिलं असेल तर त्याचं पुढे काय झालं, हे महत्त्वाचं. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा माग ठेवायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तिथे विषय कुठवर आला आहे हे लिहिणारा अहवाल क्वचितच हाती येतो, पण आला की वाचण्यासारखा असतो.

निवडणूक जवळ आल्यावर निघणाऱ्या अहवालांबद्दल एक नियम लक्षात असू द्या. आचारसंहिता लागू झाली की कार्यारंभ आदेश दिलेलं पण जागेवर प्रत्यक्ष सुरू न झालेलं काम सुरू करता येत नाही. आधीच सुरू असलेलं चालू राहतं. म्हणून आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यात भूमिपूजनांची रांग लागते. कुदळ मारल्याचा फोटो असतो, खडीचा एकही ढीग नसतो. अशा कामाची नोंद अहवालात ‘सुरू’ या सदरात असेल तर जागेवर जाऊन बघा.

व्हॉट्सॲप गट

वेग हा याचा मोठा गुण. उद्या पाणी बंद, अमुक रस्त्यावर खोदकाम, लसीकरण किती वाजता, हे गटावर दहा मिनिटांत पोचतं आणि त्यासाठी गटाला तोड नाही. पण योजनांची माहिती गटावर आली की तिची फोड करून घ्यावी लागते.

सगळ्यांत जास्त घोळ मंत्रिमंडळ निर्णय आणि शासन निर्णय यांची गल्लत झाल्याने होतो. मंत्रिमंडळाने मान्यता दिली ही बातमी त्याच दिवशी येते. त्यावर विभागाचा शासन निर्णय, म्हणजे जीआर, नंतर निघतो. मार्गदर्शक सूचना त्यात असतात किंवा वेगळ्या येतात. मग पोर्टल सुरू होतं. बातमी वाचून दुसऱ्याच दिवशी तलाठी कार्यालयात गर्दी झाली तर तिथल्या माणसाकडे द्यायला फॉर्मही नसतो. चांगला गट ‘मंत्रिमंडळाची मान्यता, जीआर अजून नाही, अर्ज सुरू नाहीत’ असं स्पष्ट लिहितो.

जीआर म्हणून फिरणारी पीडीएफ खरी की बनावट हे ओळखणं सोपं आहे. शेवटच्या पानावर तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचं वाक्य असतं आणि त्यात १८ अंकी संकेतांक दिलेला असतो. पहिले चार अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, त्यापुढचे दोन तारखेचे. शेवटचे दोन विभागाचे. संकेतांकातली तारीख आणि कागदाच्या माथ्यावरची तारीख यांचा मेळ बसत नसेल तर कान टवकारा. शासनाच्या जीआरच्या संकेतस्थळावर तो संकेतांक टाकून मूळ प्रत उघडता येते. गटात पीडीएफ टाकताना संकेतांकही मजकुरात लिहिणारे कार्यकर्ते थोडे आहेत, पण ते सोन्यासारखे आहेत. शुद्धिपत्रकाकडेही लक्ष हवं. मुदत वाढते, अट बदलते ती बहुतेक वेळा शुद्धिपत्रकाने, आणि गटात मात्र जुनाच जीआर पुन्हा पुन्हा फिरत राहतो.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घ्या. २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली: २१ ते ६० वयोगटातल्या (काही दिवसांतच ही मर्यादा ६५ केली) महिलांना महिन्याला १,५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. एवढं सगळ्या गटांत पोचलं. जे नीट पोचलं नाही ते असं: कुटुंबाच्या नावावर चारचाकी असेल तर लाभ नाही, ट्रॅक्टर मात्र चालतो, एका कुटुंबातून विवाहितेसोबत एकच अविवाहित महिला पात्र, शेतकऱ्यांसाठीच्या ‘नमो शेतकरी’ योजनेचा लाभ घेणाऱ्या महिलेला फक्त फरकाचे ५०० रुपये. २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची झाली तेव्हा स्वतःच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही लागू लागला आणि विधवा, घटस्फोटित बहिणी अडकल्या. नेमक्या याच महिलांनी काय करावं हे ज्या गटाने वेगळं लिहिलं त्याने खरी मदत केली. त्याच काळात बनावट संकेतस्थळंही निघाली. शासनाच्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो. तसा नसेल तर आधार क्रमांक टाकूच नये.

पैसे जमा न होण्याच्या तक्रारी बहुतेक वेळा खात्याच्याच असतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली की खातं थेट लाभ हस्तांतरणासाठी जोडलं गेलं असं लोक समजतात. तसं नसतं. आधारशी जोडलेल्या शेवटच्या बँकेची नोंद एनपीसीआयच्या, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या, यादीत असते आणि अनुदान त्याच खात्यात जातं. मध्ये कुठल्या मोहिमेत दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे जाऊन पडतात, आणि इकडे माणूस आपल्या जुन्या पासबुकात नोंद शोधत बसतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की कुठली बँक जोडलेली आहे ते कळतं. पीएम किसानच्या बाबतीत लाभार्थी स्थितीत तीन गोष्टींपुढे ‘होय’ हवं: ई-केवायसी, जमिनीची नोंद जोडलेली, आधारशी बँक खातं जोडलेलं. पहिलं नसेल तर सेवा केंद्रात, दुसरं नसेल तर तालुक्यात महसूल किंवा कृषी कार्यालयात, तिसरं नसेल तर बँकेत जायचं. ‘हप्ता आला नाही त्यांनी कार्यालयात संपर्क साधावा’ या एका ओळीपेक्षा ही तीन वाक्यं गटावर टाकली तर निम्मी गर्दी कमी होईल.

घरकुलाबाबतही असंच. आवास प्लसच्या सर्वेक्षणात नाव नोंदलं म्हणजे घरकुल मिळालं, असा समज गटांवरच्या अभिनंदनांमुळे पसरतो. सर्वेक्षणानंतर पडताळणी, ग्रामसभेची मान्यता, प्राधान्यक्रम आणि मग वर्षाच्या उद्दिष्टानुसार मंजुरी, असा तो प्रवास आहे. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, आणि घराचं किमान क्षेत्र २६९ चौरस फूट. हप्ते बांधकामाच्या टप्प्यानुसार, जागेचा अक्षांश-रेखांश असलेला फोटो अपलोड झाल्यावरच सुटतात. जोत्यापर्यंत काम होऊनही हप्ता थकलेला असेल तर आधी तो फोटो चढला आहे का हे ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला विचारावं.

गट चालवणाऱ्यांना दोन सूचना. माहिती फ्लेक्ससारख्या चित्रात न टाकता साध्या मजकुरात टाका. चित्रातला मजकूर पुन्हा शोधताना सापडत नाही. आणि लाभार्थ्यांच्या याद्या आधार किंवा खाते क्रमांकासह गटात कधीही टाकू नका. अनेक गटांत आजही हे घडतं आणि त्यातून फसवणुकीचे फोन सुरू होतात.

जनसंपर्क कार्यालय आणि शिबिर

चांगलं कार्यालय दारातच ओळखू येतं: टेबलावर नोंदवही, त्यात अनुक्रमांक, तारीख, विषय, पुढे काय केलं हा रकाना, आणि आलेल्या माणसाला त्या क्रमांकाची चिठ्ठी. चिठ्ठी देत नसतील तर तिसऱ्या फेरीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

दुसरी खूण, काम कुणाच्या अखत्यारीतलं आहे हे तिथल्या माणसाला तोंडपाठ असणं. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. खांबावरचा दिवा ग्रामपंचायत किंवा पालिकेचा, पण डीपी आणि तारा महावितरणच्या, त्यासाठी १९१२. मुंबईत पालिकेच्या तक्रारीसाठी १९१६, पुण्यात ‘पीएमसी केअर’. दिव्याच्या तक्रारीत खांबाचा क्रमांक लिहिला की वायरमन थेट तिथे पोचतो. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढंच लिहिलं तर तो दुसऱ्याच मंदिरापाशी जाऊन येतो. तक्रार आधी अधिकृत यंत्रणेत नोंदवून तिचा क्रमांक घेणारं आणि मग फोन करणारं कार्यालय आम्हाला पसंत आहे. नुसता फोन केला की काम होतं तेव्हा होतं, होत नाही तेव्हा मात्र दाखवायला हातात काहीच नसतं.

शिफारसपत्राचंही तेच. पत्र मिळालं की ते संबंधित कार्यालयाच्या आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. आवक क्रमांक नसलेलं पत्र कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतं.

दाखल्यांसाठी मुळात शिफारशीची गरजच नाही, आणि हे जे कार्यालय स्वतःहून सांगतं ते खरं सेवाभावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे; उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. ‘आपले सरकार’वर अर्ज केला की पोच क्रमांक मिळतो. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं अपील, तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज परत येण्याची कारणंही ठरलेली: रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत फरक, धूसर स्कॅन, जुना उत्पन्नाचा पुरावा. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या हंगामात, जून-जुलैमध्ये, सर्व्हर तुंबतो; तेव्हा मार्च-एप्रिलमध्येच दाखले काढून घ्या, असा निरोप पाठवणारे प्रतिनिधी दूरदृष्टीचे.

शिबिराची जाहिरात आली की एकच प्रश्न विचारा: तहसील किंवा पालिकेचा अधिकारी स्वतः हजर राहणार का? तो असेल तर त्याच दिवशी पडताळणी होते. नसेल तर कार्यकर्ते फक्त कागद गोळा करतात आणि पुढचं काम पुन्हा सेतू केंद्रातच होतं. मूळ कागदपत्रं शिबिरात ठेवून येऊ नका, ओटीपी दुसऱ्याच्या मोबाइलवर घेऊ देऊ नका. वृद्धांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. बुबुळाचं किंवा चेहऱ्याचं स्कॅन करायची सोय आहे का हे आधी विचारा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या शिबिरात उत्पन्नाची २१,००० रुपयांची वार्षिक मर्यादा आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला या दोन गोष्टी मोठ्याने सांगायला हव्यात. हयातीचा दाखला राहिला की पेन्शन थांबते, आणि कारण कळेपर्यंत दोन-तीन महिने जातात.

२०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्या काळात माजी नगरसेवकांची कार्यालयं चालूच राहिली, यासाठी त्यांना धन्यवाद. पण तेव्हा त्यांच्या हातात ना तरतूद होती ना सभागृह, त्यामुळे त्या काळातली ‘मी मंजूर करून घेतलं’ अशी नोंद आयुक्तांच्या ठरावाशी ताडूनच घ्यावी.

ग्रामसभा

फेसबुक लाइव्हवर लिहिलेला प्रश्न स्क्रीनवरून सरकत वर जातो. ग्रामसभेत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात येतो आणि त्यावर ग्रामसेवकाची, आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांची, सही होते. फरक हा आहे. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ज्या गावात सभा नेहमीच तहकूब होते तिथे निर्णय पंधरा-वीस माणसं घेतात, म्हणून पहिल्या सभेलाच जा.

प्रश्न लेखी द्या, आधी द्या, त्यावर पोच घ्या. इतिवृत्त सभा संपण्यापूर्वी वाचून दाखवायला सांगा. नंतर लिहिलेल्या इतिवृत्तात प्रश्न असतो पण उत्तर गुळगुळीत झालेलं असतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्यासाठीच राखीव, ४० टक्के अबंधित. ‘रस्त्याला पैसे नाहीत’ असं उत्तर आलं तर अबंधित रकमेतून काय घेतलं हा पुढचा प्रश्न. उत्तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवरही सापडतं: ग्रामपंचायतीचा आराखडा आणि प्रत्यक्ष खर्च दोन्ही तिथे आहेत, आणि मोबाइलवर ‘मेरी पंचायत’ ॲपमध्येही दिसतात. पोर्टलवरच्या कामाचं नाव आणि सभेत सांगितलेलं नाव एकच आहे का ते मात्र नीट पाहा. तेच काम दोन वेगवेगळ्या नावांनी दोन वर्षांत आलेलं असू शकतं.

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘रस्त्याची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि अंतिम देयक, अशा चार कागदांच्या प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी-जाडी आणि जागेवर फीत लावून आलेलं माप, दोन्ही आकडे एका कागदावर लिहून पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरसेवकाच्या कार्यालयात द्या, पोच घेऊन.

गुणच द्यायचे तर, पाचपैकी: नोंदवही आणि चिठ्ठी असलेलं कार्यालय साडेचार, नसलेलं दोन. ग्रामसभा चार, तेही लोक आले तरच. लेखाशीर्ष, मापं आणि तारखा असलेला कार्यअहवाल चार, फोटोंचा एक. व्हॉट्सॲप गट पाणी-विजेच्या सूचनांसाठी पाच, योजनांसाठी अडीच. अधिकारी हजर असलेलं शिबिर चार. फेसबुक लाइव्ह दीड, कारण पाऊण तासाच्या भाषणात नागरिकाच्या कामाची दोन मिनिटं शोधावी लागतात. त्या दोन मिनिटांचा लेखी गोषवारा खाली टाकला तर आणखी एक गुण द्यायला तयार आहोत.